न रंगलेला काप

रंग लागला नाही तर आधी स्वतःचा हात तपासायचा, हे आमच्या कामातलं पहिलं शिक्षण. म्हणून त्या मंगळवारी सकाळी काचपट्टीवर तपकिरी ठिपके दिसले नाहीत तेव्हा मी स्वतःलाच चार शिव्या घातल्या आणि पुन्हा कामाला लागले.

मी रुग्णालयाच्या तळमजल्यावर, पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत आहे. एकवीस वर्षं झाली. माणसांच्या अंगातून काढलेले तुकडे मेणात बसवायचे, यंत्राच्या पात्यावर त्यांचे केसाहून बारीक काप काढायचे, ते कोमट पाण्यावर तरंगत सोडायचे, काचपट्टीवर अलगद उचलायचे आणि रंग द्यायचा. पुढचं निदान आमच्या मॅडम करतात. त्या डॉक्टर, मी तंत्रज्ञ. पण काप फाटला तर त्यांची सगळी विद्वत्ता कपाटात, हे त्यांनाही माहीत आहे आणि मीही त्यांना विसरू देत नाही.

त्या दिवशीचा तुकडा माझ्या धाकट्या भावाच्या स्वादुपिंडाचा होता. तसं म्हटलं तर त्याच्याही नव्हे. सात वर्षांपूर्वी अपघातात गेलेल्या कुणा अनोळखी माणसाचं ते स्वादुपिंड, त्याच माणसाच्या एका किडनीसोबत माझ्या भावाच्या पोटात बसवलेलं. घरच्या माणसाचा नमुना आला तर तो दुसऱ्याच्या हाती द्यावा, असा आमच्याकडे शिरस्ता आहे. मी दिला नाही. एक तर माझ्यासारखा काप तिथे कुणाला जमत नाही. आणि दुसरं म्हणजे मला पुरावा हवा होता, तोही माझ्याच हातचा.

पुरावा कसला, तर बारक्या औषधं चुकवतो याचा.

बारक्या म्हणजे हा भाऊ. आता बेचाळीस वर्षांचा आहे, दारातून येताना मान वाकवावी लागते इतका उंच, पण लहानपणी पडलेलं नाव तेच राहिलं. आई गेल्यापासून आम्ही दोघंच. मी लग्न केलं नाही, त्याचं टिकलं नाही, आणि दोन खोल्यांत आमचं भांडत-तंडत बरं चाललेलं असतं. तो लिफ्ट दुरुस्त करतो. नवव्या वर्षी त्याला मधुमेह झाला. लहान मुलांना होतो तो, ज्यात शरीर इन्सुलिन बनवणाऱ्या आपल्याच पेशी मारून टाकतं. पुढची सव्वीस वर्षं त्याने दिवसातून चार-चार वेळा सुई टोचून घेतली. मध्येच साखर एकदम उतरायची आणि हा भ्रमिष्टासारखा वागायला लागायचा. एकदा तर कामावर असताना लिफ्टच्या छतावर बसून पान्ह्याशी गप्पा मारताना सापडला. आम्ही नंतर खूप हसलो त्यावर, पण कंपनी हसली नाही. त्याला लिफ्टच्या खड्ड्यात उतरणं बंद करून तक्रारी घ्यायला टेलिफोनवर बसवलं. पुढे किडन्याही गेल्या, दोन वर्षं डायलिसिसवर काढली, आणि मग हे दोन्ही अवयव एकदम मिळाले.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी सुई बंद झाली. दुसऱ्याचं स्वादुपिंड त्याच्या पोटात बसून इमानेइतबारे इन्सुलिन बनवत होतं. वर्षभराने कंपनीने त्याला पुन्हा लिफ्टच्या खड्ड्यात उतरायची परवानगी दिली, त्या दिवशी तो ग्रीसने माखलेले हात मुद्दाम न धुता घरी आला, मला दाखवायला. मी त्याला हात धुवायला पिटाळलं आणि मोरीशी जाऊन रडले.

या सगळ्याला एकच अट होती. सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ, गोळ्या चुकवायच्या नाहीत. शरीराने परक्या अवयवांशी भांडू नये म्हणून त्या असतात, आणि त्या जन्मभर घ्यायच्या असतात.

दोन महिन्यांपूर्वी त्याची साखर वाढायला लागली. उपाशीपोटी एकशे चाळीस, मग एकशे सत्तर, मग दोनशेच्या वर. मला त्यात काही कोडं वाटलं नाही. इतकी वर्षं प्रयोगशाळेत काढल्यावर मला पक्कं ठाऊक होतं की बसवलेलं स्वादुपिंड दोन कारणांनी जातं. पहिल्या काही दिवसांत गेलं तर रक्ताची गुठळी. वर्षांनी गेलं तर शरीराने ते परकं म्हणून नाकारलं, आणि नाकारलं म्हणजे गोळ्यांत कुचराई झाली. सात वर्षांनी गुठळी कुठून येणार? म्हणजे कुचराईच.

शिवाय बारक्याला मी लहानपणापासून ओळखते. नऊ वर्षांचा असताना त्याने घट्ट गोड दुधाचा अख्खा डबा चमच्याने खरवडून संपवला होता आणि रिकामा डबा झाकण लावून परत फळीवर ठेवला होता, लेबल पुढे करून. आईला चार दिवस पत्ता नव्हता. मीच चहाडी केली. त्यानंतर आठवड्याच्या आत तो आजारी पडून रुग्णालयात गेला. पुढेही खिशात चॉकलेटं सापडायची, साखरेच्या वहीत बिनधास्त बनावट आकडे सापडायचे. असा साळसूद चेहरा करायचा की परक्याने पोटाशी धरावं.

म्हणून मी त्याच्या हत्यारांच्या पेटीत हात घातला. पान्ह्यांच्या खाली पत्र्याची डबी होती आणि डबीत त्याच गोळ्या, बासष्ट. मी मोजल्या. संध्याकाळी तो आल्यावर डबी त्याच्या ताटाशेजारी ठेवली आणि हे काय म्हणून विचारलं. तो म्हणाला, दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी डोस कमी केला तेव्हाच्या उरलेल्या आहेत. मध्ये एकदा दुकानात चार दिवस माल नव्हता, तेव्हा धाबं दणाणलं होतं, म्हणून जवळ ठेवतो. मी म्हटलं, गोष्ट चांगली रचलीस. तो ताटावरून उठला नाही, जेवत राहिला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

मी तिथेच थांबायला हवं होतं. मी दुसऱ्या दिवशी वर सर्जनकडे गेले.

सर्जन म्हणजे ज्यांनी त्याचं ऑपरेशन केलं ते. ते गोंधळात पडले होते. रक्तातलं औषधाचं प्रमाण तर ठीक येतंय, म्हणाले. मी शहाणपण पाजळलं. सांगितलं की तपासणीच्या आधी दोन दिवस नेमाने गोळ्या घेणारे पेशंट तुम्हालाही माहीत आहेत, माझा भाऊ त्यातलाच, मी डबी पाहिली आहे. स्वादुपिंडाचा तुकडा काढण्यात रक्तस्रावाचा धोका असतो, त्यामुळे तो लगेच काढावा की नाही असा त्यांचा विचार चालला होता. बहीण रुग्णालयातलीच, ती इतकं खात्रीने सांगतेय म्हटल्यावर त्यांनी तुकडा काढणं पुढे ढकललं आणि नाकारण्यावरचा उपचार सुरू केला. माझ्यासमोर फाइलमध्ये लिहिलं: नातेवाइकांच्या सांगण्यानुसार औषधं अनियमित. मला बरं वाटलं. कुणीतरी ऐकलं म्हणून बरं वाटलं.

उपचार म्हणजे सलाइनमधून तीन दिवस स्टेरॉइडचे मोठे डोस. त्या डोसांनी साखर चारशेवर गेली. प्रतिकारशक्ती आधीच कमी, ती आणखी खाली आली आणि छातीत जंतुसंसर्ग झाला. अकरा दिवस तो ऑक्सिजनच्या नळीशी झुंजत पडून होता. त्या काळातही मी सकाळ-संध्याकाळ आठच्या ठोक्याला पलंगाशी उभी राहायचे. गोळ्या त्याच्या हातावर ठेवायचे, पाणी द्यायचे आणि म्हणायचे, तोंड उघड. जीभ वर. तो उघडायचा. नर्स तोंड फिरवून हसू दाबायच्या. घरी आणल्यावरही हाच क्रम, पाच आठवडे. सुरुवातीला त्याने दोनदा सांगितलं, ताई, मी एकही चुकवलेली नाही. मग सांगणं सोडून दिलं.

साखर काही उतरली नाही. शेवटी सर्जननी तुकडा काढला, आणि तो माझ्या पात्याखाली आला.

तर तो न रंगलेला काप. स्वादुपिंडात हार्मोन बनवणाऱ्या पेशींचे लहान लहान पुंजके असतात. बेटं म्हणतात त्यांना. एका रंगात इन्सुलिनच्या पेशी तपकिरी दिसतात. शेजारच्या कापाला दुसरा रंग दिला की त्याच बेटातल्या दुसऱ्या पेशी, साखर वाढवणारं हार्मोन बनवणाऱ्या, तपकिरी होतात. दुसरी पट्टी झकास आली होती, बेटं जागच्या जागी. पहिली पट्टी कोरी. मला वाटलं, रंगाचं द्रावण जुनं झालं. पण प्रत्येक खेपेला आपण एक निरोगी स्वादुपिंडाचा काप सोबत रंगवतो, रंग चालतोय का हे कळायला. तो काप तपकिरी ठिपक्यांनी भरला होता. मी नवीन बाटली फोडली, नवीन काप काढला, जेवण सोडून बसले. पुन्हा तेच. आठ बेटं मोजली, त्यातल्या एकात दोन पेशी पुसट रंगल्या होत्या. बाकी काही नाही.

मॅडमनी दोन्ही पट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली घालून आलटून पालटून बघितल्या. मी त्यांच्या खांद्याशी उभी होते. मी विचारलं, नाकारलंय ना? त्यांनी खुर्ची बाजूला सरकवली आणि मला बघायला लावलं.

"नाकारलं असतं तर सगळीकडे मारामारी दिसली असती. रक्तवाहिन्या, पाचकरस बनवणारा भाग, सगळं. इथे बघ, बाकीचं स्वादुपिंड आहे तसं आहे. फक्त बेटांभोवती पांढऱ्या पेशी जमल्यात, आणि बेटांतूनही फक्त इन्सुलिनवाल्या तेवढ्या वेचून काढल्यात."

मी म्हटलं, मग हे काय आहे?

"त्याचा जुना मधुमेह. परका अवयव म्हणून नाही मारलं हे. ओळखून मारलं."

मॅडम सांगत राहिल्या. ज्या पेशींनी त्याच्या नवव्या वर्षी त्याचं स्वतःचं स्वादुपिंड नासवलं त्या कुठे गेल्याच नव्हत्या. तेहतीस वर्षं रक्तात फिरत होत्या. नवं इन्सुलिन दिसलं, काही वर्षं गोळ्यांनी त्यांना आवरून धरलं, आणि मग एक दिवस त्या पुन्हा कामाला लागल्या. शंभरातल्या पाच-सात जणांच्या बाबतीत होतं असं. गोळ्या वेळच्या वेळी घेऊनही होतं. रक्तात त्याच्या खुणा मिळतात, तपासून घेऊ, पण पट्टी पुरेशी बोलकी आहे.

"घेऊनही?" मी विचारलं.

"घेऊनही. आणि किडनी ठीक आहे ना त्याची? गोळ्या चुकवल्या असत्या तर बहुतेक वेळा तिलाही झळ लागते. एकाच माणसाचे अवयव आहेत दोन्ही."

मी जागेवर जाऊन त्याचे दोन महिन्यांचे रिपोर्ट काढले. ते माझ्याच खणात होते, मीच रोज पाठ करत होते. वर साखर, मी लाल पेनने गोल केलेली. तिच्या खाली दोन ओळींवर क्रिएटिनिन, किडनीचा आकडा. एक पूर्णांक एक. पुढच्या कागदावर एक. पुढच्या कागदावर पुन्हा एक पूर्णांक एक. किडनी ठणठणीत होती. स्वादुपिंडाला सूज आली की वाढणारे आकडेही जागचे हलले नव्हते. दुसऱ्या कुणाचा रिपोर्ट असता तर मी तेव्हाच म्हटलं असतं की थांबा, हे नाकारणं नसावं. आमच्या बारक्याच्या रिपोर्टात मी फक्त साखर वाचली, कारण मला काय वाचायचं आहे ते मी आधीच ठरवलं होतं. लाल पेनच्या गोलाखाली सगळं उघड्यावर पडलेलं होतं आणि मला, एकवीस वर्षांच्या अनुभवी बाईला, दिसलं नव्हतं. मी ओरडले असेन बहुधा, कारण पलीकडच्या टेबलावरच्या दोघी उठून आल्या.

सर्जन माझ्यावर रागावले नाहीत. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. मी त्यांना सरळ विचारलं की तुकडा आधीच काढला असता तर काय झालं असतं. ते म्हणाले, वेगळी औषधं देऊन बघता आली असती. वाचलं असतं असं मी म्हणणार नाही. वाचलं नसतं, असंही नाही म्हणणार.

मग मी फाइलमधली ती ओळ खोडायला सांगितली. पुढेमागे दुसऱ्या स्वादुपिंडासाठी यादीत नाव घालायची वेळ आली तर समितीचे लोक आधी तेच बघतात, पेशंट औषधं घेतो की नाही. ते म्हणाले, फाइलमधलं खोडता येत नाही. खाली लिहिता येतं. मी पेन मागितलं. अनियमित औषधांबद्दलची वरील माहिती मी दिली होती, ती खोटी होती, असं लिहिलं. त्यांनी सही घेतली आणि नातं लिहायला सांगितलं. मी लिहिलं, बहीण.

घरी आले तेव्हा सात वाजून गेले होते. बारक्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसून जुन्या लिफ्टचा नकाशा बघत होता. टेबलावर इन्सुलिनचं नवं पेन होतं, सात वर्षांनी आलेलं. कंपनीचं पत्रही आलं होतं. खड्ड्यात उतरणं बंद, सोमवारपासून पुन्हा टेलिफोन. ते त्याने घडी करून पेनाखाली ठेवलं होतं.

त्याने माझा चेहरा बघितला असावा, कारण नकाशा बाजूला ठेवला. मी बूटही काढले नाहीत. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, कोरी पट्टी, बेटं, मॅडम काय म्हणाल्या, किडनीचा आकडा, फाइल. तू एकही गोळी चुकवली नव्हतीस, म्हटलं. माझ्यामुळे तुला ते डोस मिळाले, माझ्यामुळे छाती भरली, माझ्यामुळे पाच आठवडे गेले. तो खेकसेल, काहीतरी फेकून मारेल, निदान तोंड फिरवेल अशी मी वाट बघत होते. तो नुसता ऐकत होता. चेहऱ्यावर राग नव्हता. गणित चुकलं असावं अशी शंका आल्यावर माणूस आकडे परत मांडतो ना, तसा काहीतरी मांडत बसला होता.

"म्हणजे आतल्या पेशी आपोआपच हे करतात," तो म्हणाला. "मी काही केलं म्हणून नाही."

मी म्हटलं, नाही रे. तू काहीच केलं नाहीस.

"पहिल्या वेळीही असंच झालं होतं?"

"हो. तेच तर."

तो म्हणाला, "म्हणजे डब्याने नाही झालं."

मला कळेना कसला डबा. मला वाटलं गोळ्यांची डबी. मग डोक्यात प्रकाश पडला. फळीवरचा तो दुधाचा डबा, लेबल पुढे केलेला.

डब्याने झालं असं तुला कुणी सांगितलं, मी विचारलं.

"तू," तो म्हणाला. अगदी साधेपणाने, वेळ विचारल्यावर सांगावी तसं. "मला सलाइन लावलं होतं. तू पलंगाशी उभी राहून म्हणालीस, अख्खा डबा एकट्याने संपवलास ना, म्हणून झालं हे."

मी तेरा वर्षांची होते. मला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं, आणि तो खोटं बोलत नाही हे मला त्या दिवशी दुसऱ्यांदा कळत होतं. मी त्याला सांगायला लागले की अरे, उलटं होतं ते, आजार आधीच महिनोन्‌महिने आत चालू होता, तेव्हा तू वाळत चालला होतास, सारखी भूक, सारखी तहान, म्हणून तुला तो डबा हवासा वाटला. भूक होती ती, बारक्या. आजारी पोराची भूक होती. बोलता बोलता मला रडू फुटलं. इतके डॉक्टर झाले तुझे, तेहतीस वर्षांत एकालाही विचारावंसं वाटलं नाही?

"काय विचारायचं?" तो म्हणाला. "डबा तर मीच संपवला होता."

मी त्याचा हात धरला. त्यावर ग्रीस नव्हतं, कित्येक आठवड्यांत नव्हतं. इतक्यात त्याच्या फोनचा आठचा गजर वाजला. स्वादुपिंड गेलं तरी किडनीसाठी गोळ्या आहेतच, जन्मभर. त्याने हात सोडवून घेतला, पाकीट फोडलं, गोळ्या तोंडात टाकल्या, पाण्याचा पेला रिकामा केला. मग पेला खाली ठेवून तो माझ्याकडे वळला, जीभ वर उचलली आणि रोजच्यासारखं तोंड उघडून दाखवलं.